डांबराखालचा घुमट

ऑलिव्ह लामेनने केंडल आर्केडची फरशी त्रेचाळीस वर्षं पुसली. त्यातली सोळा वर्षं मी त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर वकिलांच्या कचेरीत टाइपरायटर बडवत होते, आणि त्यातली पहिली सहा वर्षं इतरांबरोबर मीही तिला हसले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आर्केड टाउन्सव्हिलच्या फ्लिंडर्स स्ट्रीटवर, खाडीकडे पाठ करून उभं आहे. दुमजली, जाड विटांचं. समोरच्या कमानीतून आत शिरलं की दोन्ही हातांना दुकानं, आणि मधोमध एक मोठा अष्टकोनी चौक. चौकाभोवती वर लोखंडी कठड्याची गॅलरी आणि गॅलरीला लागून कचेऱ्या. मी १९६५ साली तिथे लागले तेव्हा त्या चौकावर पांढऱ्या पुठ्ठ्याच्या तक्त्यांचं छत होतं आणि त्यात ट्यूबलाइटी गुणगुणत असायच्या. खाली उभं राहिलं की एखाद्या मोठ्या खोक्यात उभं राहिल्यासारखं वाटायचं. भर दुपारीसुद्धा दिवे लागायचे.

ऑलिव्ह तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. उंच, सावळी, हाडापेराने मजबूत. केसांना फुलाफुलांचा रुमाल. तिचा आजोबा दूर समुद्रातल्या एपी बेटावरून उसाच्या कामासाठी जहाजाने आणलेला. इकडच्या उसाच्या मुलखात तशी बरीच घरं आहेत. आम्ही सगळे तिला नुसतं 'ऑलिव्ह' म्हणायचो. ती मात्र आम्हाला मिस्टर आणि मिस लावून बोलायची. तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटत नसे, मलाही नाही.

तिला हसायचं कारण म्हणजे ती म्हणायची, या छताच्या वर काचेचा घुमट आहे.

तळमजल्यावर स्कॉबी नावाचा घड्याळजी होता. डोळ्याला भिंग अडकवलेला, वाळका, जिभेने तिखट माणूस. ऑलिव्ह बादली घेऊन त्याच्या दुकानासमोर आली की रोजचा संवाद ठरलेला.

"काय ऑलिव्ह, आज तुझं आभाळ काय म्हणतंय?"

"तुमच्या घड्याळांपेक्षा वेळेवर आहे, मिस्टर स्कॉबी. पाय उचला."

घुमट एके काळी होता, हे कुणी नाकारत नव्हतं. पण त्याच्या काचा युद्धात सैन्याने काढून नेल्या, असंच सगळे धरून चालले होते. आमचे साहेब तर छातीठोकपणे सांगायचे. एकटी ऑलिव्ह म्हणायची, "नेल्या नाहीत. झाकल्यात. मी तिथे होते."

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या जिन्यावर तिच्याशेजारी जाऊन बसले. खरं तर वरच्या मुलींना सांगायला काहीतरी गंमत हवी होती म्हणूनच.

"सांग ना ऑलिव्ह, काय आहे वर?"

तिने हातातला आंबा चिरायचा थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी चेष्टा करतेय हे तिला कळलं असणारच. तरी तिने सांगितलं.

"मिस ग्वेन, तो घुमट माझ्या वडिलांनी वर चढवलाय. म्हणजे बनवला दुसऱ्यांनी. काचा परदेशातून आल्या, पेंढ्यात बांधून, पेट्यांमध्ये. शिशाच्या पट्ट्यांत जोडलेल्या एकेक मोठ्या पाकळ्या. बत्तीस. त्या दोरांनी वर ओढायच्या होत्या. काच फुटली तर नोकरी जाईल, म्हणून गोऱ्या कामगारांपैकी कोणी दोराला हात लावेना. मग ज्यो लामेनला बोलावलं. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. बत्तीसच्या बत्तीस चढवल्या. एकीला तडा नाही."

"आणि तू बघितलास?"

"आठ वर्षांची असताना. वडील मला आगगाडीने घेऊन आले. स्वच्छ सदरा, हातात हॅट. दारावरचा माणूस म्हणाला, माल मागच्या दाराने. वडील म्हणाले, मी माल आणलेला नाही, मुलगी आणलीय. तिला वर बघायचंय. तो माणूस काय बोलणार? बाजूला झाला."

मग तिने सांगितलं की एकोणिसाव्या वर्षी तिने हे काम मुद्दाम मागून घेतलं. चार वर्षं ती रंगीत फरशी पुसत होती. कुठल्या वाजता कुठल्या दुकानाच्या पायरीवर हिरवा उजेड पडतो, कुठे निळा, हे तिला पाठ झालं होतं. बेचाळीस साली जपानी विमानांची भीती सुरू झाली आणि शहरातला एकूण एक उजेड झाकायचा हुकूम निघाला. छपरावर माणसं चढली. डांबराचे दोन हात.

"एकेक पाकळी विझत गेली," ती म्हणाली. "मी तेव्हा खाली फरशीच पुसत होते. शेवटची पाकळी गेली तेव्हा मला माझी बादली दिसेना. मी तशीच गुडघ्यांवर बसून राहिले, कोणीतरी दिवा लावेपर्यंत."

डांबरावर पत्र्यांचं छप्पर चढलं. युद्ध संपलं. म्हातारे केंडलसाहेब म्हणायचे, पुढच्या वर्षी उघडू. चार-पाच पुढची वर्षं गेली आणि केंडलसाहेबही गेले. त्रेपन्न साली खालून पुठ्ठ्याचं छत लागलं आणि विषय मिटला.

मी वर जाऊन ही गोष्ट सांगितली. मुली हसल्या, मीही हसले. पण त्या दिवसानंतर मी ते छत बघताना जरा जास्त वेळ बघायचे, एवढं खरं.

एकाहत्तर सालच्या डिसेंबरात अल्थिया वादळ आलं. आदल्या दिवसापासून रेडिओ बजावत होता. आमच्या साहेबांनी मला चोवीस तारखेला सकाळी सातलाच बोलावलं होतं. खिडकीजवळच्या कपाटातली मिळकतींची कागदपत्रं आतल्या भिंतीकडे हलवायची होती. आई मावशीकडे टेकडीवर पक्क्या घरात गेली होती. मी आले तेव्हा ऑलिव्ह मागच्या दाराशी वाळूची पोती रचत होती. स्कॉबी दुकानात भिंतीवरची घड्याळं उतरवून गाद्यांत गुंडाळत होता.

"मिस्टर स्कॉबी, घरी जा," ऑलिव्ह म्हणाली.

"घरी कोण आहे? माझी माणसं सगळी इथे टांगलेली आहेत," तो म्हणाला.

कागद हलवून होईपर्यंत आठ वाजून गेले आणि रस्त्यावर पाऊल टाकणं अशक्य झालं. समोरच्या दुकानाची पाटी आमच्या डोळ्यांदेखत उडून खाडीकडे गेली. ऑलिव्हने आम्हा दोघांना जिन्याखालच्या विटांच्या कमानीत आणून बसवलं.

त्या आवाजाचं वर्णन कोणी मागितलं तर मी अजूनही गप्प बसते. वारा ओरडतो असं लोक म्हणतात. तो ओरडत नव्हता, तो ढकलत होता. कानांच्या आत दाब बसत होता. मग वर खिळे उपटू लागले. आधी एक, मग ओळीने, एखादं जाड कापड कोणीतरी संथपणे फाडत जावं तसे. पत्रे सुटले. त्यानंतर पुठ्ठ्याचं छत खाली आलं. आधी एक तक्ता, मग पाच, मग एकदम सगळंच. ट्यूबलाइटी तारांवर लोंबकळल्या, फुटल्या. अठरा वर्षांची धूळ चौकात उतरली आणि पावसाच्या पाण्याने तिथल्या तिथे बसली.

मी मान वर केली.

वर काळाकुट्ट, प्रचंड, उपडा वाडगा होता. मी जिथून रोज सहा वर्षं चालले होते ती जागा दोन मजले उंच नव्हती, चार मजले होती. लोखंडाच्या बरगड्या भिंतींतून उगवून वर वर जात एका गोल कडीत मिळाल्या होत्या. वारा त्या वाडग्यावर बुक्के मारत होता. तो किंचित हलत होता, श्वास घेतल्यासारखा. पण जागचा जात नव्हता.

"देवा," स्कॉबी पुटपुटला. "देवा, ऑलिव्ह."

ऑलिव्हने माझा हात धरला होता. तो किती घट्ट धरला होता ते मला दुसऱ्या दिवशी निळे वळ बघून कळलं.

दुपारच्या सुमारास वारा उतरला. रस्त्यावरून लोकांच्या हाका ऐकू येऊ लागल्या. आम्ही कमानीतून बाहेर आलो. घोट्याएवढं पाणी, त्यावर पुठ्ठ्याचा लगदा. उडून जाणाऱ्या एखाद्या पत्र्याची धार घुमटावर घासली असावी, कारण एका ठिकाणी तळहाताएवढं डांबर निघालं होतं. बाहेर ढगांमागून ऊन आलं आणि त्या खिडकीएवढ्याही नसलेल्या जागेतून हिरवा उजेड थेट खाली पाण्यावर पडला.

असा हिरवा रंग मी कधी पाहिला नव्हता. पानांचा नाही, रंगाच्या डब्यातला नाही. तो पाण्यावर तरंगत होता आणि पाण्याच्या तळाशीही होता. ऑलिव्ह पाण्यातून चालत तिथे गेली. तिने हात पुढे केला. हिरवा उजेड तिच्या तळहातावर चढला. तिने हात उलटा केला, सुलटा केला. मी रडत होते, आणि मला कशाचं रडू येतंय ते कळत नव्हतं.

स्कॉबीने डोळ्यावरचं भिंग काढलं. "मिस लामेन," तो म्हणाला. इतक्या वर्षांत तिला हे नाव त्याने पहिल्यांदाच दिलं. "मी गाढव आहे. मला माफ करा."

"ती बादली द्या इकडे, मिस्टर स्कॉबी," ती म्हणाली. "पाणी जिन्याच्या लाकडात मुरेल."

शहराची दशा वाईट होती. शेकडो घरांची छपरं गेली होती, वीज नव्हती. ऑलिव्हच्या घराचा व्हरांडा शेजारच्याच्या अंगणात जाऊन पडला होता. तरी सव्वीस तारखेला ती आर्केडमध्ये आली. मीही गेले, कारण मला तिला एक गोष्ट सांगायची होती.

इमारतीचा मालक आता केंडलसाहेबांचा नातू होता. वॉरन त्याचं नाव, राहायचा ब्रिस्बेनला. त्याचे वकील म्हणजे आमचेच साहेब. वादळाच्या पंधरवडाभर आधी एक पत्र मीच टाइप केलं होतं: आर्केड पाडायचं, जागेवर गाड्यांचा तळ आणि मोठं दुकान. वादळानंतर त्याची तार आली होती, की दहा जानेवारीला इंजिनीअर घेऊन येतो, पाडायचं काम लगेच सुरू करू. कचेरीतली गोष्ट बाहेर सांगायची नसते. मी सांगितली.

ऑलिव्हने ऐकून घेतलं. वर बघितलं.

"दहा तारखेला किती वाजता?"

"सकाळी दहाला."

"दहाला ऊन पूर्वेच्या पाकळ्यांतून येतं," ती म्हणाली. "आधी त्या करू."

"काय करू?"

"पुसू. आणखी काय?"

पुढचे पंधरा दिवस आम्ही तिघं छपरावर होतो. ऑलिव्हने शिडीला ओली पोती गुंडाळली आणि ती घुमटावर आडवी टाकली. कमरेला दोर बांधून ती त्या शिडीवर पालथी झोपायची. दोराचं दुसरं टोक धुराड्याला बांधलेलं, आणि शिवाय स्कॉबीच्या हातात, कारण धुराड्यावर त्याचा विश्वास नव्हता. पहाटे पाचला डांबर घट्ट असायचं, तेव्हा ते लाकडी पट्टीने टवके निघावेत तसं निघायचं. त्या पट्ट्या मी आमच्या कचेरीतून आणल्या होत्या. नऊनंतर उन्हाने त्याचा चिकट लगदा व्हायचा. मग रॉकेल आणि चिंध्या.

"लोखंडी पातं का नाही?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"तू चष्मा कशाने पुसतेस, ग्वेन? विळ्याने?"

'मिस' गळून पडलं होतं. मीही तिला आंटी म्हणायला लागले होते. तिच्या माणसांत तिच्या वयाच्या बाईला तसंच म्हणतात, आणि 'ऑलिव्ह, तू' आता माझ्या तोंडून निघतच नव्हतं.

काम करताना तिला एक गोष्ट दिसली आणि तिने ती आम्हाला बोटाने दाखवली. कितीतरी काचांना बारीक तडे होते. वाऱ्याने त्या केव्हाच निखळल्या असत्या. पण डांबराच्या थराने तुकडे एकमेकांना धरून ठेवले होते. तीस वर्षं ज्या डांबराला ती शिव्या देत आली होती, त्याच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. "बरं," ती शेवटी म्हणाली. "तुझेही उपकार कबूल." मग पट्टी उचलून खरवडायला लागली, पण अशा जागी हात हलका ठेवून, आणि प्रत्येक तड्यावर कापडी पट्टी चिकटवून.

पाऊस अधूनमधून येतच होता. म्हणून घुमटावर ताडपत्री असायची आणि आम्ही एकेक कोपरा उघडून काम करायचो. त्यामुळे पुसलेला घुमट खालून कसा दिसतोय ते आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. खाली जाऊन बघूया, असं मी दोनदा म्हटलं. "झाल्याशिवाय नाही," आंटी म्हणाल्या.

दहा तारखेला साडेनऊला बत्तीसपैकी एकोणीस पाकळ्या उघड्या झाल्या होत्या. स्कॉबी आणि आंटी ताडपत्री ओढायला वर गेले. मला त्यांनी चौकात उभं केलं.

ताडपत्री सरकली तसा उजेड भिंतीवरून खाली उतरला. मी पुष्कळ चर्च पाहिली आहेत, पुढे एकदा जहाजाने युरोपही पाहून आले. पण तसं पुन्हा काही पाहिलं नाही. घुमटाच्या काठाशी गडद हिरव्या लाटा होत्या. त्यांच्या वर निळा, मग आणखी फिका निळा, आणि त्या निळ्यातून रुपेरी माशांची एक रांग गोल फिरत वर निघालेली. अगदी माथ्याशी पिवळंधमक तेज. अजून न पुसलेल्या तेरा पाकळ्या काळ्याच होत्या, आणि त्यामुळे उरलेला रंग अंधारातून आत्ताच वर येत असल्यासारखा दिसत होता. फरशी दिसेनाशी झाली. माझे पाय हिरवे होते. तंबाखूवाल्याचं बंद दार निळं होतं. मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले. श्वास घेतला तर सगळं विस्कटेल, असं उगाच वाटत होतं.

वॉरन केंडल बरोबर दहाला आला. तिशीतला, पांढरा सदरा, हातात नकाशाची गुंडाळी. बरोबरचा इंजिनीअर बोलत बोलत येत होता, तो चौकाच्या तोंडाशी अर्ध्या वाक्यातच थांबला आणि त्याने हॅट काढली. वॉरन दोन पावलं पुढे आला. त्याचा सदरा निळा झाला. त्याने आधी सदऱ्याकडे पाहिलं, मग वर.

तेवढ्यात आंटी जिन्याने खाली उतरल्या. कोपरापर्यंत काळे हात, रॉकेलचा वास. खालच्या पायरीवर त्या थांबल्या, कारण खालून तो उजळलेला घुमट त्या तीस वर्षांनी पहिल्यांदाच बघत होत्या. कुणाकडेही न बघता त्या तशाच उभ्या राहिल्या.

शेवटी वॉरनने विचारलं, "हे कोणी केलं? कोणाच्या परवानगीने?"

"छप्पर वादळाने काढलं, मिस्टर केंडल," आंटी म्हणाल्या. नजर वरच होती. "मी नुसतं पुसलं. मला पुसण्यासाठीच ठेवलंय ना?"

त्यांच्या पाठोपाठ उतरलेला स्कॉबी माझ्यामागे खोकला. पण वॉरन रागावला नव्हता. तो हळूच म्हणाला, "आजोबा याच्याबद्दल बोलायचे. फरशीवरून मासे पोहतात म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारा काहीतरी वाढवून सांगतोय."

"त्यांनी कमीच सांगितलं असणार," आंटी म्हणाल्या.

तो तासभर तिथेच होता. उजेड सरकत गेला तसा तोही त्याच्यामागे सरकत गेला. नकाशाची गुंडाळी कोणी उघडली नाही. तिसऱ्या दिवशी मी एक नवं पत्र टाइप केलं. त्यात पाडण्याचा शब्दही नव्हता. टाइप करताना माझ्या इतक्या चुका झाल्या की कागद दोनदा बदलावा लागला.

दुरुस्तीला अडीच वर्षं लागली. पाकळ्यांतल्या फुटलेल्या एक्केचाळीस काचा नव्या बसल्या, आणि त्यांचा रंग जुन्यांशी तंतोतंत जुळला नाही. नीट बघणाऱ्याला तो फरक अजून दिसतो. उद्घाटनाला भाषणं झाली. आंटींना दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. वॉरनने मात्र भाषणात ज्यो लामेन हे नाव घेतलं आणि पुढे दगडावरही कोरवून घेतलं.

पण माझ्या मनात त्यापेक्षा त्यानंतरचा रविवार राहिला आहे. आंटींनी वॉरनकडून किल्ली मागून घेतली होती. एअर, मॅके, हॅलिफॅक्स अशा उसाच्या गावांहून त्यांची माणसं आली, चाळीस तरी असतील. हॅट घातलेल्या बाया, कडक इस्त्रीचे पुरुष, टोपल्यांमध्ये केळीच्या पानात बांधलेलं खाणं. स्कॉबीला आणि मलाही बोलावलं होतं. सगळ्यांत वयस्क होत्या लॉटी, ज्यो लामेनची धाकटी बहीण. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी. त्या चौकाच्या मधोमध आल्या, वर बघितलं, आणि मान दुखते म्हणून कुरकुरल्या. मग काठी आंटींच्या हातात दिली आणि सरळ खाली बसल्या. बसल्या त्या आडव्याच झाल्या.

"आत्या, अहो, फरशी थंड आहे!" आंटी म्हणाल्या.

"तूच पुसलीस ना? मग चालेल," लॉटी म्हणाल्या. हॅट त्यांनी पोटावर ठेवली. मग म्हणाल्या, "आमचे बाबा सांगायचे. लहानपणी बेटावर ते समुद्रात बुडी मारायचे आणि तळाशी पाठ टेकून वर बघायचे. श्वास पुरेल तेवढा वेळ. तिथून असंच दिसायचं म्हणे. मासे वरून जायचे आणि त्यांच्याही वर सूर्य. इकडे आणल्यावर त्यांना ते पुन्हा कधी बघायला मिळालं नाही." त्यांचे डोळे माशांमागून फिरत होते. "ज्योला हे माहीत असणार. दोर ओढताना त्याला माहीत असणार."

मग एक बाई हॅट काढून त्यांच्याशेजारी आडवी झाली. मग दोन पुरुष, मग मुलं. स्कॉबी गुडघे धरत, कण्हत खाली बसला. मी माझ्या नव्या झग्याचा विचार केला आणि सोडून दिला. सगळ्यांत शेवटी आंटी झोपल्या, आत्याच्या आणि माझ्या मधे. इतक्या वर्षांत या फरशीवर त्यांची पाठ पहिल्यांदाच टेकत होती.

माशांची रांग आमच्यावरून हळूहळू पुढे सरकत होती. बाहेर रविवारचा रस्ता रिकामा होता. एक लहान मूल काहीतरी विचारायला लागलं, आणि त्याच्या आईने त्याला गप्प केलं नाही, नुसतं वर बोट दाखवलं.